वीस कागद आणि एक जिराफ

पहिला दिवस : गाडीत

फिल्मची दोनच पाकिटं न्यायची असं मी जाहीर केलं तेव्हा भाची उडालीच. "म्हणजे वीस फोटो? पाच दिवसांत? मामा, आईच्या फोनवर मी वीस फोटो जेवणाच्या सुट्टीत काढते." तिचं वय अकरा. नुकतंच शाळेत नकाशावाचन झालेलं, त्यामुळे सध्या ती प्रत्येक गोष्टीचं प्रमाण विचारते.

सामान असं होतं : डायल फिरवायचा जुन्या धाटणीचा छोटा इन्स्टंट कॅमेरा, इन्स्टॅक्स मिनीची दोन पाकिटं, प्रत्येकी दहा कागद, पोस्टर चिकटवायची चिकटमाती, आणि एका प्लास्टिकच्या डबीत आमची मंडळी. मंडळी म्हणजे मॉडेल रेल्वेच्या फलाटावर उभी करतात ती बारा माणसं, बोटभर लांबीची पिवळी बस, आणि आठ सेंटीमीटर उंचीचा एक जिराफ. जिराफाचा एक कान कुत्र्याने खाल्लेला आहे. बेत असा, की जिथे जाऊ तिथे या मंडळींना उभं करायचं आणि त्यांच्या प्रवासाचे फोटो काढायचे. आमचे नाहीत, त्यांचे.

गाडी सुटल्यावर पहिलं पाकीट भरलं. बटण दाबलं की आधी वरचं काळं झाकण बाहेर येतं, कागदाच्याच मापाचं. मी ते टाकायला निघालो तर बाईसाहेबांनी झडप घातली. "हा रात्रीचा फोटो. मी ठेवणार."

मग खिडकीच्या कठड्यावर सहा माणसं चिकटमातीने उभी केली, मी मागे सरकलो आणि पहिला कागद खर्च केला. कागद वर आला, पांढराफटक. तिने तो लगेच पंख्यासारखा हलवायला घेतला. हे कुठून शिकतात कोण जाणे. फार पूर्वीचे झटपट फोटो सोलून काढावे लागत, वरचा थर ओला असे, तो वाळवायचा म्हणून लोक हलवत. आताच्या कागदात सगळा कारभार बंद पाकिटात चालतो. खालच्या जाड पट्टीत रसायनाची पुडी असते, कॅमेऱ्यातून निघताना दोन रुळांमध्ये ती दाबली जाते आणि लेप कागदभर पसरतो. हलवून वाळण्यासारखं काही नाहीच, उलट कागद वाकवला तर लेपाला डाग पडतात. "टेबलावर पालथा ठेव आणि गप्प बस," हा खरा नियम. गप्प बसणं तिला दीड मिनिट जमलं.

फोटोत डबा आला, पडदा आला, समोरच्या बर्थवर झोपलेल्या काकांचे पाय आले. माणसं कुठे आहेत? कठड्यावर सहा ठिपके होते. मुंग्या म्हणाव्यात तर मुंग्यांना पाय तरी असतात.

हिशेब मी घरीच करायला हवा होता. एचओ प्रमाण, म्हणजे मॉडेल रेल्वेच्या या माणसांचं माप, १:८७, तेव्हा खऱ्या माणसाचा होतो दोन सेंटीमीटरचा माणूस. कॅमेऱ्याचं भिंग ६० मिलिमीटरचं, आणि ६० सेंटीमीटरच्या आत वस्तू आली तर धूसर. तेवढ्या अंतरावरून कागदावर वस्तू साधारण नवव्या हिश्शाची उमटते. म्हणजे आमचा माणूस दोन मिलिमीटर आणि वर थोडा. चित्राची चौकट ६२ बाय ४६ मिलिमीटर. लहान गोष्टींचे लहान फोटो काढायला मी लहान कॅमेरा घेऊन निघालो होतो, आणि या तीन लहानांचा गुणाकार काय होतो ते मला गाडीत बसल्यावर कळलं.

भाचीने मार्कर काढला आणि खालच्या पांढऱ्या पट्टीवर लिहिलं : "६ प्रवासी (शोधा). प्रमाण १:७८०." तिने ते माझ्या वहीत गुणून काढलं होतं, ८७ नव्वे किती ते. तीन कमी धरले, असू दे.

संध्याकाळी अजून दोन कागद असेच गेले. अंधार पडल्यावर तिने विचारलं की हा फोटो लगेच यायची कल्पना कोणाची. मला हा प्रश्न फार आवडतो, कारण उत्तरात एक मुलगी आहे. १९४३ साली एडविन लँड हा संशोधक अमेरिकेत सांता फे इथे सुट्टीवर असताना त्याच्या तीन वर्षांच्या मुलीने, जेनिफरने, त्याला विचारलं, की आत्ता काढलेला फोटो मला आत्ताच का दिसत नाही. लँडने १९४७ च्या फेब्रुवारीत आपली पद्धत लोकांपुढे करून दाखवली आणि १९४८ च्या नोव्हेंबरात पहिला पोलरॉइड कॅमेरा बॉस्टनच्या एका दुकानात विक्रीला आला.

"म्हणजे तिला 'आत्ता' फोटो बघायला पाच वर्षं लागली," भाची म्हणाली. "आठ वर्षांची झाली की ती."

दुसरा दिवस : डोंगर

पहाटे कड्यावर. गावाचं नाव लिहीत नाही. फोटोत ते इतकं एवढंसं आलंय, की तिथल्या माणसालाही ओळखू येणार नाही.

थंडी मजबूत होती. पहिलाच कागद निळसर, दुधाळ आणि मरगळलेला निघाला. थंडीत या कागदातली रसायनं आळसावतात. फोटो बाहेर येताच तो शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायचा असतो, हे मला माहीत होतं. आठवलं मात्र फोटो थंड दगडावर ठेवून झाल्यावर.

दुसरा कागद समोरच्या दरीवर. हा माझा हट्ट. धुकं, सात डोंगररांगा, उगवतं ऊन, सगळं काही. आलं काय? एक राखाडी पट्टी, त्यावर एक जरा कमी राखाडी पट्टी. पट्टीखाली भाचीचा मजकूर : "दरी. प्रमाण : काहीच्या काही." मी वाद घातला नाही. मोठा देखावा या कागदावर घालू नये. तो मावत नाही आणि वर बिचारा दिसतो.

खरा दिवस त्यानंतर सुरू झाला, जिराफामुळे. माणसं फार लहान पडत असतील तर त्यांना मोठं करण्यापेक्षा मला लहान करावं, ही कल्पना तिची. जिराफ आठ सेंटीमीटर, मी एकशे साठच्या जरा वर. म्हणजे मी त्याच्या वीसपट. मग मी त्याच्या वीसपट लांब उभा राहिलो तर आम्ही दोघं फोटोत एकाच उंचीचे. जिराफ ६० सेंटीमीटरवर, तर मी १२ मीटरवर. बारा मीटर म्हणजे माझी सोळा पावलं.

पण नुसती उंची जुळून भागत नाही. पायाखालची जमीन जुळावी लागते, नाहीतर जिराफ हवेत तरंगतो. आम्ही कमरेएवढा एक सपाट खडक शोधला, जिराफाला त्याच्या कडेवर चिकटमातीने रोवलं, आणि भाचीने कॅमेरा खडकाच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवला. म्हणजे मधली सगळी जमीन खडकाआड गेली आणि माझे बूट खडकाच्या काठावर आले. निदान तिच्या खिडकीत तरी. मला काहीच दिसत नव्हतं. मी उघड्यावर एकटा उभा, हात वर करून, अदृश्य जिराफाची मान खाजवत.

"डावीकडे! अरे, तुझी डावीकडे नाही, माझी! आता वाक. इतका नको. मामा, तुला मान आहे का?"

पहिल्या खेपेस मी नीट आलो आणि जिराफ चुन्याचा झाला. या कॅमेऱ्यात फ्लॅश बंद करता येत नाही, भर उन्हातही उडतो, आणि अर्ध्या-पाऊण मीटरवरच्या वस्तूला तो भाजून काढतो. म्हणून टिश्यू पेपरची दुहेरी घडी फ्लॅशवर चिकटवली. शेजारी उजेड मोजणारं एक बारीक भोक असतं, त्यावर कागद गेला तर कॅमेऱ्याला संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं, तेवढं जपलं.

दुसऱ्या खेपेस नेमका ढग आला. तिने डायल प्रामाणिकपणे ढगाळवर नेली आणि मी तर धड आलो, पण जिराफाच्या जागी पिवळट डाग. डायलवरच्या चित्रांमागे खरं काय चालतं हे इथे कळतं. शटरचा वेग तोच राहतो, एका सेकंदाचा साठावा भाग. बदलतं ते भिंगामागचं भोक. घरातल्या खुणेला एफ १२.७, ढगाळला १६, उन्हाला २२, भर उन्हाला ३२. आकडा जितका मोठा, भोक तितकं बारीक, आणि भोक बारीक तितकं जवळचं आणि लांबचं दोन्ही रेखीव. आमच्या जिराफाला म्हणूनच कडक ऊन लागतं. ढग असेल तर जिराफ काढायचा नाही, डबीत ठेवायचा.

पंचवीस मिनिटं ढग सरकायची वाट बघितली. मी सोळा पावलांवर, बसून. अंतर मोडायला नको म्हणून तिने मला जागा सोडू दिली नाही.

तिसरा फोटो जमला. एका कानाचा जिराफ माझ्या डोक्यावर वाकून केस हुंगतोय, आणि माझा चेहरा खरोखर घाबरलेला दिसतोय. ते ऊन डोळ्यांत गेल्यामुळे. दोघंही कागदावर आठ-नऊ मिलिमीटरचे, करंगळीच्या नखाएवढे. पट्टीवर : "जिराफ १:९. मामा १:२००. दोघं बरोबर." एवढा एकच फोटो असता तरी मी परत फिरलो असतो.

तिसरा दिवस : तळं

आज बस. ही बस माझ्या लहानपणची, म्हणून तिला थोडं जास्त लाडात घेतलं.

तळ्याच्या काठाला पाणी काचेसारखं होतं. बसची चाकं ओल्या वाळूत, खाली तिचं प्रतिबिंब. कॅमेऱ्यावर जवळच्या फोटोसाठीची जादा काच चढवली. तिने ३५ ते ५० सेंटीमीटरवरचं नीट येतं. मोजपट्टी नव्हती. माझं कोपरापासून बोटांपर्यंतचं माप त्यात बसतं, तेव्हा दर वेळी हात वाळूत आडवा ठेवून अंतर घ्यायचं. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस बसला नमस्कार करतोय.

चौकट मी झकास बांधली : वरच्या कडेला बस, खाली प्रतिबिंबाला भरपूर जागा. फोटोत बसचं छत आणि खिडक्या उडाल्या, चाकं तेवढी उरली. खाली पाण्यात मात्र अख्खी बस, उलटी. भाची खूश. "बुडालेली बस," तिने लिहिलं. "वाचलेले : ४ चाकं."

कारण असं, की या कॅमेऱ्यात आपण भिंगातून बघत नाही. डोळ्याची खिडकी वेगळी, भिंगाच्या वर आणि बाजूला. लांबच्या गोष्टींना हा फरक जाणवत नाही, पण हातभर अंतरावर खिडकी एक बघते आणि भिंग भलतंच. इलाज सोपा आहे. खिडकीतून हवी तशी चौकट बांधायची, मग कॅमेरा न वळवता सरळ खिडकीच्या दिशेने इतका सरकवायचा, की मघाशी खिडकी होती तिथे आता भिंग यावं. त्यानंतर खिडकीत डोकवायचं नाही. हे डोकवायचं नाही फार अवघड आहे. डोळा आपोआप तिकडे जातो, मग हात सुधारणा करतो, आणि सगळं मुसळ केरात.

एक कागद त्यात गेला, आणि पहिलं पाकीट संपलं. दुसरं भरलं. दुसरं काळं झाकणही तिच्या वहीत गेलं. मग एकदाची बस पूर्ण आली, छतासकट. बसच्या अंगावर दोन अक्षरांचं स्टिकर आहे. पाण्यात ते उलटं आणि वर सरळ. त्यावरून तिने मला अडवलंच. भिंग चित्र उलटं करतं असं शिकवलंय, मग फोटोत अक्षरं सरळ कशी?

याचं उत्तर मला मनापासून आवडतं. १९७२ च्या पोलरॉइड एसएक्स-७० मध्ये उजेड कागदाच्या ज्या बाजूला पडतो त्याच बाजूने आपण चित्र बघतो, त्यामुळे डावं-उजवं सुलटं करायला कॅमेऱ्याच्या पोटात आरसा लागतो. फुजीच्या, म्हणजे आमच्या इन्स्टॅक्सच्या, कागदाला उजेड मागून मिळतो आणि चित्र पुढून दिसतं. पाठीची ती काळी बाजूच आत भिंगाकडे तोंड करून असते. आरशाचं काम कागदच करून टाकतो. तिने फोटो उलटून काळी पाठ बराच वेळ बघितली, मग ती पाठ तळ्याकडे केली. बहुतेक कागदाला आधी काय दिसलं असेल ते बघत होती.

अजून एक कागद बसचाच. पाकिटात आठ उरले.

चौथा दिवस : पाऊस

दिवसभर पाऊस, दिवसभर खोलीत. आणि माझा मूर्खपणा.

बसस्टॉपपासून येताना पिशवी भिजली. कॅमेऱ्यात पाणी शिरलं का ते बघावं म्हणून मी मागचं दार उघडलं. आत फिल्म आहे हे मला माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं. भाची किंचाळली, मी दार आपटलं, सगळं मिळून एखादा सेकंद. पण दार उघडलं की काउंटर पुन्हा सुरुवातीला जातो. त्याला वाटतं, नवं पाकीट आलं. मीही त्याच्यासारखाच वागलो, झाकण बाहेर काढायचं म्हणून बटण दाबलं, आणि झाकणाऐवजी आला एक चांगला कागद. उजेड खाल्लेला, पांढरा, कडेला फिकट नारिंगी ओघळ. काउंटरवर १०. आत खरे सात.

तिने तो कागद खिडकीशी धरला आणि म्हणाली, हे धुकं आहे. त्यावर काही लिहिलं नाही, वहीत ठेवून दिला. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.

उरलेल्या दिवसात तीन फोटो. रेल्वेची मंडळी शेवटी कामाला आली : खिडकीच्या काचेला आतून चिकटवलेली बारा माणसं, बाहेर थेंब. कॅमेरा काचेसमोर सरळ धरला तर फ्लॅश तिथून उलटा येऊन सगळं खातो, म्हणून तिरका धरला. माणसं काळी, थेंब त्यांच्याहून मोठे. दोन मिलिमीटरच्या माणसाला चेहरा नसतो, पण सावली असते. त्यांचे असेच काढायला हवे होते पहिल्यापासून. दोन फोटोंच्या कडा उघड्या दाराने जाळलेल्या, पांढऱ्या. तिच्या मते पाऊस कागदातही शिरला होता.

पाचवा दिवस : समुद्र

ऊन कडक. डायल भर उन्हावर, टिश्यू जागेवर.

चार फोटो पटापट झाले. मी तिच्या तळहातावर उभा. मी जिराफाला दोरीने ओढतोय. बस माझ्या टकलावरून चाललीय. चौथ्यात मी नाहीच, ती म्हणाली तुझा कंटाळा आला, आणि तिने जिराफाला एकट्यालाच ओल्या वाळूवर उभं केलं, लाटेकडे तोंड करून. पायाचे ठसे चौकटीत दिसत होते, तिचेच, जिराफापेक्षा मोठे. ते पुसू का विचारलं तर नको म्हणाली.

गाडीला तासभर होता. मला एक शेवटचा हवा होता : आम्ही तिघं, म्हणजे ती, मी आणि जिराफ. एका फिरायला आलेल्या आजींना कॅमेरा धरायला तयार केलं.

"मामा, संपली आहे फिल्म."

"अगं, काउंटर तीन दाखवतोय."

"काउंटर खोटा आहे. तूच खोटा केलास."

"ते माहितीये मला. म्हणूनच डबीतले फोटो मोजले. एकोणीस आहेत. विसातून एकोणीस गेले, एक राहिला."

माझ्या अशा बिनतोड हिशेबापुढे ती गप्प बसली. आजींना मी सगळं समजावलं : जिराफ इथे, आम्ही सोळा पावलं लांब, कॅमेरा खाली, बोट भिंगावर येऊ देऊ नका. आजी दोन्ही गुडघे वाळूत टेकून बसल्या. जुळवाजुळव अशी बसली, की पाच दिवसांत बसली नव्हती. आम्ही दोघांनी जिराफाच्या पायांना मिठी मारली, म्हणजे हवेला. फ्लॅश उडाला, मोटर घुर्र वाजली. आजी कॅमेऱ्याच्या वरच्या फटीकडे बघत बसल्या. आम्ही धावत आलो. काही आलं नाही.

"एक माझ्या वहीत आहे ना," भाची म्हणाली. "धुकं."

आजींना फार वाईट वाटलं, त्यांना वाटलं आपलं चुकलं. त्यांना समजावण्यातच दहा मिनिटं गेली आणि गाडीसाठी पळावं लागलं.

गाडीत तिने वही उघडली, गाडीतलंच पहिल्या दिवशीचं काळं झाकण काढलं आणि पांढऱ्या खाडाखोडीच्या पेनने त्यावर लिहायला बसली. बराच वेळ लागला, कारण डबा हलत होता. मग मला दाखवलं. "मी, मामा, जिराफ, समुद्र. फोटो : आजी." प्रमाणाची जागा मोकळी सोडली होती. मी कॅमेरा पिशवीत टाकताना काउंटर बघितला. तो २ वर आला होता.